मूकपटापुढं जिवंत वाद्यवृंद: सांगलीत करायचंय, संगीत कुठलं घ्यावं?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. सांगलीत आम्ही काही सिनेमावेडे महिन्यातून एकदा पडदा लावून जुने सिनेमे दाखवतो. यंदा दिवाळीच्या सुमारास जरा मोठा घाट घातलाय. नाट्यगृहात एक भव्य मूकपट आणि पडद्याच्या पुढ्यात बसून वाजवणारा वाद्यवृंद. कीबोर्डवर एकट्यानं सतारीपासून ढोलापर्यंत सगळं काढायचं नाही. दहा-पंधरा माणसं, त्यांची वाद्यं, आणि वर सिनेमा.

हे खूळ शिरलं आबेल गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'नेपोलियन'मुळं (१९२७). ब्राउनलो या इंग्रज गृहस्थानं जगभरातून तुकडे जमवून तो सिनेमा पुन्हा उभा केला आणि १९८० मध्ये लंडनला तो वाद्यवृंदासह दाखवला. संगीत कार्ल डेव्हिसचं. गंमत अशी की डेव्हिसनं सगळं नव्यानं लिहिलं नाही. मूकपटाच्या जमान्यात थिएटरचे संगीतकार जसे तयार तुकडे प्रसंगाप्रमाणं जोडायचे, तसंच त्यानं केलं. बेथोव्हन, हायडन, मोझार्ट, म्हणजे नेपोलियनच्याच काळातली मंडळी. मधले दुवे आणि गरुडाची मुख्य धून तेवढी स्वतःची. बेथोव्हनची तिसरी सिंफनी तर मुळात नेपोलियनलाच अर्पण व्हायची होती. १८०४ मध्ये हा गडी सम्राट झाला आणि बेथोव्हननं त्याचं नाव काढून टाकलं. तीच सिंफनी नेपोलियनच्या चढत्या काळाखाली वाजते, आणि हा किस्सा ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सगळं ऐकू येतं.

तर प्रश्न हा: आपल्याकडं असं जोडायचं झालं तर कुठून काय घ्यायचं? जाणकारांनी सढळ हातानं लिहावं. पैशांचं आम्ही बघतोय, त्यावर इथं काथ्याकूट नको.

शांत_प्रेक्षक:

कल्पना झकास, पण 'नेपोलियन'चा नाद सोडा. डेव्हिसच्या संगीतासह आता दाखवतात ती आवृत्ती साडेपाच तासांची आहे. लंडनला मध्ये जेवणाची सुट्टी देतात. शिवाय शेवटी पडद्याचे तीन पडदे होतात, तीन प्रोजेक्टर एकमेकांना जुळवून चालवावे लागतात. आणि वाजवणारे? आपण पंधरा जणांवर अडलोय.

दुसरं, मूकपटाला ठरलेला वेग नसतो. 'नेपोलियन' १९८१ मध्ये न्यूयॉर्कला कारमाइन कोपोलाच्या संगीतासह दाखवला तेव्हा सेकंदाला २४ चौकटींनी पळवला आणि चार तासांत संपवला. ब्राउनलोची आवृत्ती मुख्यतः २० चौकटींनी चालते. म्हणजे एकाच सिनेमाचं एकासाठी बांधलेलं संगीत दुसऱ्याला लागू पडत नाही. तेव्हा आधी सिनेमाची नेमकी प्रत हातात घ्या, मग संगीताचं बोला.

माझं मत 'प्रपंच पाश'ला (१९२९). दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन, निर्माता हिमांशू रॉय, चित्रण राजस्थानात. महाभारतातल्या द्यूतावर बेतलेली गोष्ट: रणजित आणि सोहत हे दोन जुगारी राजे, आणि दोघांनाही हवी असलेली सुनीता. हत्ती, घोडे, हजारोंचा जमाव, सगळं खरंखुरं. आणि लांबी सुमारे ७४ मिनिटं! सांगलीकरांना मध्यंतरात बटाटेवडा खाऊनही साडेनऊला घरी जाता येईल.

हरिपूरची_हळद:

आपल्या भागातलं काही नाही का? बाबुराव पेंटरांचा 'सिंहगड' (१९२३) घ्या की. कोल्हापूर इथून हाकेच्या अंतरावर. तानाजी, घोरपड, शेलारमामा... पब्लिक तुफान येईल.

शांत_प्रेक्षक:

ताई, 'सिंहगड' आज पडद्यावर लावायला मिळायचा नाही. पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं बहुतेक काम काळाच्या पोटात गेलंय. मिळता तर पहिली निवड तीच. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) पाहता येतो, त्यात कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी अप्रतिम आहे, पण तो जीव लहान आहे. एक पायपेटी आणि एक पखवाज त्याला पुरे. त्याच्यापुढं पंधरा माणसं बसवली तर ती वाजवण्यापेक्षा बघतच जास्त बसतील.

कृष्णाकाठ:

'प्रपंच पाश'च्या नावावर आमच्या मंडळीत जवळपास एकमत झालं. 'शिराझ'चाही (१९२८) विचार केला होता. त्याला २०१७ मध्ये अनुष्का शंकरनं संगीत दिलंय, पण तो लांब आहे आणि मधे सैल पडतो. प्रतीसाठी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला पत्र पाठवलंय. जुन्या सिनेमाचा आपल्या कायद्यातला हक्क ६० वर्षांनी संपतो, पण दुरुस्त केलेली चांगली प्रत ज्यांच्याकडं आहे त्यांना विचारल्याशिवाय लावणं बरं नाही.

'प्रपंच पाश'ला नितीन सोहनीचं संगीत आहे. २००७ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं ते ट्रफाल्गर चौकात वाजवलं. ऐकायला छान आहे, पण तो भला मोठा वाद्यवृंद आपण आणायचा कुठून, आणि सांगलीत बसून लंडनची नक्कल कशाला? आपलं आपण बांधू.

पायपेटी:

आता बोलतो. संगीत नाटकाला साथ करण्यात माझी हयात गेली. ऑर्गन, तबला, क्लॅरोनेट, सारंगी, एवढ्यावर रात्र रात्र नाटकं झाली आहेत. ज्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या गावात मूकपटाला संगीत शोधत फिरायचं? नाट्यपदं आहेत की! किर्लोस्करांपासून देवलांपर्यंत खजिना आहे. देवल तर हरिपूरचे. शृंगाराला, विरहाला, वीररसाला, प्रत्येकाला चार चार चाली काढून देतो. डेव्हिसनं बेथोव्हन घेतला, आपण नाट्यपद घ्यायचं. हिशेब सरळ आहे.

विश्रामबागची_सुमा:

पायपेटीकाका, तुमच्या साथीला मी लहानपणी आईच्या मांडीवर बसून माना डोलावल्यात, म्हणून हक्कानं सांगते: हे नको. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात नुसतं वाद्यांवर नाट्यसंगीत होतं, शब्द नाहीत. माझ्या डावीकडचे आजोबा अख्खं पद म्हणत होते. उजवीकडच्या काकू अंतरा विसरल्या की डावीकडं बघायच्या. पडद्यावर नायिका झालेली सीतादेवी रडत असेल आणि आमची रांग सुभद्रेचं पद म्हणत असेल. डोळ्यांपुढं एक गोष्ट, कानात दुसरी, आणि सांगलीत कानातलीच जिंकणार.

मिरजेचा_भोपळा:

सुमाताई +१. बेथोव्हनच्या सिंफनीला शब्द नाहीत. नाट्यपदाला आहेत आणि ते आपल्या हाडात भिनलेत. वाद्यावर वाजवलं तरी शब्द जात नाहीत.

पायपेटी:

हे पटण्यासारखं आहे. पण मग 'नेपोलियन'मध्ये फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजतंच ना? त्याला तर शब्द आहेत.

शांत_प्रेक्षक:

वाजतं, कारण पडद्यावरची माणसं तेच गाताहेत. क्लबातला जमाव 'मार्सेलेझ' पहिल्यांदा शिकतो असा तो प्रसंगच आहे. तिथं दुसरं काही वाजवलं असतं तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. पडद्यावर गाणं, नाच, नगारा दिसत असेल तर तेच वाजलं पाहिजे. बाकी ठिकाणी ओळखीची चाल आली की प्रेक्षक सिनेमातून उठून स्वतःच्या आठवणीत जाऊन बसतो.

कृष्णाकाठ:

बरोबर, आणि यातूनच एक वाट दिसते. नाट्यपदं नकोत, पण ती ज्या रागांत बांधलीत ते राग घ्यायला हरकत काय? भीमपलास क्लॅरोनेटवर आला की सांगलीकराला घरी आल्यासारखं वाटणारच, पण म्हणायला शब्द सापडणार नाहीत. पायपेटीकाका, बंदिशीऐवजी तुम्ही छोटे तुकडे बांधाल का? आठ-दहा ओळींचे, लांबवता येतील आणि मधेच तोडता येतील असे?

पायपेटी:

तोडता येतील असे? नाटकात नटाची एन्ट्री चुकली की आम्ही दुसरं काय करत होतो! बांधतो. पण एक मागणी आहे. पडदा उजळायच्या आधी नांदी झालीच पाहिजे. 'संगीत शाकुंतल'ची. अख्खं नाट्यगृह म्हणू दे, त्या वेळी पडद्यावर काहीच नसणार.

विश्रामबागची_सुमा:

नांदीला माझी पूर्ण संमती. एकदा मोकळ्या गळ्यानं म्हणून घेतलं की पुढं सव्वा तास गप्प बसतील.

रिकामटेकडा:

एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर बॅकग्राउंड म्युझिकचा ढीग पडलाय. पेनड्राइव्ह लावा, पैसे वाचवा, पब्लिकला चहा पाजा.

हरिपूरची_हळद:

यांना कोणीतरी चहा पाजा रे.

क्लॅरोनेट_मास्तर:

पोरानं हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. आमचा ब्रास बँड आहे, घरात तिसरी पिढी. क्लॅरोनेट २, कॉर्नेट २, युफोनियम १, एवढं आमच्याकडनं घ्या. पण आधी तारखेचं बघा. दिवाळीच्या सुमारास म्हणताय. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. मग आमचा एक माणूस तुमच्या हाताला लागायचा न्हाई, देवानं सांगितलं तरी न्हाई. कार्यक्रम दिवाळी आणि तुळशीचं लग्न याच्या मधल्या दिवसांत धरा. तालमी गणपती झाल्यावर, पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आम्हाला कोण बोलवत न्हाई, सगळी रिकामी असतात.

विश्रामबागची_सुमा:

पितृपक्षात शुभारंभ?

क्लॅरोनेट_मास्तर:

ताई, नारळ घटस्थापनेला फोडा. सराव करायला मुहूर्त कशाला लागतोय.

दुसरं पट्टीचं, म्हंजे सा कुठल्या सुरावर धरायचा त्याचं. हे आधी ठरवलं न्हाई तर तालमीत नुसती भांडणं होतील. आमची क्लॅरोनेट आणि कॉर्नेट बी फ्लॅटची. आम्ही आमचा सी वाजवला की पेटीवर काळी पाच, म्हंजे पाचवी काळी पट्टी निघते. पेटीवाल्याला काही अडचण न्हाई, तो कुठल्याबी पट्टीत वाजवंल. सतारवाल्याचं काय? ते काळी एकला बसतात. काळी एकला आम्हाला तीन फ्लॅट, म्हंजे तीन उतरलेले सूर पडतात. वाजवू, पण जलद तुकड्यात पोरांची बोटं अडकणार. काळी दोन धरली तर एकच फ्लॅट. आमच्यासाठी काळी दोन म्हणजे हायवे.

मिरजेचा_भोपळा:

मास्तर, काळी दोनला सतार नेता येते, पण फुकट नाही. बाजाची, म्हणजे मुख्य तार एक नंबर बारीक घ्यावी लागेल, नाहीतर तालमीतच तुटेल आणि नेमकी द्रुत लयीत तुटेल. तरफा, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या तारा, सगळ्या नव्यानं लावायच्या. तार बदलली की आवाज पातळ होतो, तेव्हा जवारीही (घोडीला दिलेली घासणी) परत काढून घ्यायला हवी. मिरजेत सतारमेकर गल्लीत हे काम चोख होतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. फक्त कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नेऊ नका. तारांना बसायला आठवडा द्या.

आणि एसी! नाट्यगृहाचा एसी चालू झाला की फुंकीची वाद्यं उतरतात आणि तारेची चढतात. विंगेत गरम दिव्याखाली सूर लावून आलात तर पहिल्या दहा मिनिटांतच क्लॅरोनेट एकीकडं, सतार दुसरीकडं. एसी तासभर आधी लावून ठेवा आणि जिथं बसायचं तिथंच बसून लावा.

कृष्णाकाठ:

काळी दोन पक्की. मास्तर, भोपळेसाहेब, दोघांनाही दंडवत. गेला महिनाभर आम्ही रस आणि भाव यांवर व्याख्यानं झोडत होतो आणि कुणाच्या डोक्यात पट्टी आली नव्हती.

आता जमावाचे प्रसंग. पडद्यावर हत्तींची रांग, घोडेस्वार, लग्नाच्या तयारीचा लवाजमा. प्रत्येकाला वाटतं इथं सगळ्यांनी मिळून धडाका लावायचा. मला नाही वाटत. दर वेळी पंधराच्या पंधरा वाजले तर शेवटी रणजितची फौज सोहतवर चालून जाते तेव्हा आपल्या पोतडीत उरणार काय? माझ्या मते सगळा वाद्यवृंद एकत्र फक्त तीनदा वाजावा: सुरुवातीच्या शिकारीला, लवाजम्याला आणि अखेरच्या चढाईला. बाकी वेळ दोघं-तिघं.

क्लॅरोनेट_मास्तर:

लवाजम्याला आम्ही वाजवलं की पब्लिक हसणार, आत्ताच सांगतो. हत्ती दिसला, कॉर्नेट वाजलं, की मागच्या रांगेतनं कोणतरी नागीन नागीन ओरडणार. ब्रास बँड म्हटलं की वरात, हे लोकांच्या डोक्यातनं जात न्हाई.

शांत_प्रेक्षक:

मग लवाजमा सनई-चौघड्याला द्या आणि तुम्ही खालून नुसता लांब सूर धरा. कॉर्नेटच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच लावून.

क्लॅरोनेट_मास्तर:

ते चाललं. युफोनियम खालच्या सा वर धरून ठेवला तर हत्तीचं वजन येतंय. रस्त्यावर आम्हाला कोण हळू वाजवू देत न्हाई, त्यामुळं पोरांनाबी जरा शिकायला मिळंल.

आकडेमोड:

इंजिनिअर आहे, तबल्याच्या दोन परीक्षा दिल्यात, म्हणून तोंड घालतो. प्रसंग आणि ताल एकत्र संपवायचे तर अंदाजपंचे चालणार नाही. समजा घोडदौडीचा प्रसंग १ मिनिट १० सेकंदांचा आहे आणि तुम्ही केरवा मिनिटाला १२० मात्रांनी धरला. ७० सेकंदांत १४० मात्रा होतात. आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे साडेसतरा आवर्तनं. पडद्यावर प्रसंग संपतो आणि तबलजी 'खाली'वर, म्हणजे आवर्तनाच्या मधोमध लटकलेला. सतरा आवर्तनांत बसवायचं तर लय साधारण ११७ ला आणा, अठरा हवी असतील तर १२३. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, बरोबर दृश्य बदलताना पडते. उलट मध्य लयीच्या तीनतालात (१६ मात्रा) मिनिटाला ८० मात्रा धरल्या तर एक आवर्तन बरोबर १२ सेकंदांचं, ते मोजायला सोपं.

तेव्हा एकानं सिनेमा स्टॉपवॉच लावून बघायचा आणि प्रत्येक प्रसंगाचे सेकंद वहीत उतरवायचे. हे कंटाळवाणं काम मी करतो, कुणी तरी सोबतीला या.

पायपेटी:

आकडेमोड, हिशेब उत्तम, पण सगळंच सेकंदात बांधू नका. घोडदौड, लढाई, नाच तेवढे बांधा. रणजित आणि सुनीता आश्रमात बोलत बसतात तिथं ताल कशाला? तिथं सतारवाल्यानं पडद्याकडं बघत आलाप करावा, पडद्यावर मजकुराची पाटी आली की थांबावं, लोकांना वाचू द्यावं. जुन्या काळी हार्मोनियमवाला पडद्यासमोर बसून हेच करायचा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी पाट्या मोठ्यानं सांगायचा.

हरिपूरची_हळद:

खलनायकाला कसली धून देणार? सोहत, म्हणजे स्वतः हिमांशू रॉय. त्याला काहीतरी भयंकर पाहिजे.

कृष्णाकाठ:

यावर आमच्यात दोन तट पडलेत. माझं म्हणणं, सोहतला धून द्यायचीच नाही. हे दोघेही राजे, दोघेही जुगाराचे शौकीन, दोघांनाही तीच मुलगी हवी. रणजितला शुद्ध रिषभाची (रे) एक छोटी धून द्यायची, आणि सोहत चौकटीत आला की त्याच धुनेत रिषभ कोमल करायचा. बाकी काही बदलायचं नाही. शंभरातल्या ऐंशी लोकांच्या लक्षात येणार नाही, पण काहीतरी नासलंय एवढं कळेल.

पायपेटी:

शाब्बास. हे मला सुचायला हवं होतं. आणि मग द्यूताला मारवा आपोआप आला. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही.

मिरजेचा_भोपळा:

द्यूताबद्दलच विचारणार होतो. तिथं संपूर्ण शांतता ठेवा आणि एका माणसानं खरे फासे पाटावर टाकावेत. अंगावर काटा येईल.

शांत_प्रेक्षक:

येणार नाही, हशा येईल. फासा पडद्यावर पडला आणि आवाज अर्धा सेकंद उशिरा आला की संपलं. हुबेहूब आवाज काढायला गेलं की प्रेक्षक आवाज जुळला का तेवढंच बघत बसतो. आणि पूर्ण शांततेत सांगलीत किती जण खोकतात ते तुम्हाला माहीत आहे.

पायपेटी:

मारव्याची खुबी सांगतो. मारव्यात षड्जावर, म्हणजे सा वर बसायचं नसतं. रिषभ आणि धैवत यांच्यात घोटाळत राहायचं, षड्जाकडं जातोय जातोय असं दाखवायचं आणि टाळायचं. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि त्याला का ते समजत नाही. द्यूताचा सगळा प्रसंग दोन क्लॅरोनेट आणि एक व्हायोलिन, ताल नाही. तानपुराही बंद, नाहीतर तो मागं षड्ज सांगत बसेल. डाव चढत जाईल तसे वरच्या धैवतापर्यंत जा, पण सा देऊ नका. रणजितचं राज्य जातं, तो गुलाम होतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून खालचा षड्ज. एकदाच. आणि पखवाजाची एक थाप. मग ऑर्गन सोडून सगळे बंद.

क्लॅरोनेट_मास्तर:

काका, फुंकून असं किती वेळ लांबवायचं? मिनिट-दीड मिनिट ठीक आहे. चार मिनिटं दम टिकणार न्हाई.

पायपेटी:

म्हणून तर दोन क्लॅरोनेट. एकानं श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्यानं सूर धरायचा, जोड कळता कामा नये. तुमच्या वरातीत एक जण विडी ओढत असतो आणि दुसरा वाजवत असतो, तेच.

क्लॅरोनेट_मास्तर:

हा हा. हे कुणी सांगितलं तुम्हाला? बरं, मारव्याचं मला लिहून द्या. पोरं स्टाफ नोटेशन वाचत न्हाईत, सारेगमत लिहा. काळी दोनला आमचा सा एफवर येतोय, बाकी मी बसवून घेतो.

आकडेमोड:

मागच्या रविवारी भोपळेसाहेबांसोबत स्टॉपवॉचचं काम उरकलं. वही स्कॅन करून सगळ्यांना पाठवतो. एक अडचण आहे. वाजवणाऱ्यांना वही बघायला उजेड हवा आणि तो उजेड पडद्यावर जाता कामा नये. स्टँडवरच्या दिव्यांवर वरून पुठ्ठ्याची झापड आणि पिवळा जिलेटीन कागद लावला तर चालतं, घरी करून पाहिलं. मंचावर बसवू नका, मंचाखाली पहिल्या रांगेच्या जागी बसवा. पहिल्या दोन रांगांची तिकिटं विकू नका.

कृष्णाकाठ:

दोन रांगांची तिकिटं? बरं. आमच्या खजिनदारांना हा प्रतिसाद मी स्वतः वाचून दाखवीन, फोनवर, लांबून.

आतापर्यंत ठरलं ते असं. नांदी, मग अंधार. शिकारीला सगळे. रणजितला बाण लागल्यावर आश्रमापर्यंत नुसती सतार. सुनीताला व्हायोलिनवर भीमपलास. लवाजम्याला सनई, चौघडा आणि खालून युफोनियम. द्यूताला मारवा, पायपेटीकाका म्हणतात तसा. मध्यंतर द्यूतानंतर लगेच, म्हणजे लोक वडा खाताना रणजितवर वैतागतील. चढाईला संबळ आणि हलगी मिळवून सगळे, इथं मास्तरांना हवं तेवढं मोठ्यानं. नागीन सोडून काहीही.

व्हायोलिनला अजून दोन माणसं हवीत. मिरज, कुपवाड, तासगाव कुठूनही चालतील. अट एकच: तालमीला यायचं, थेट कार्यक्रमाला येऊन 'मी बघून वाजवतो' असं म्हणायचं नाही.

क्लॅरोनेट_मास्तर:

हलगी आमच्या गल्लीत दोन आहेत, पोरं तयार आहेत. पण चढाईला हलगी आणि संबळ दोन्ही घेतलं तर क्लॅरोनेट ऐकू येणार न्हाई. एकतर आम्हाला माइक द्या, नाहीतर हलगी शेवटच्या अर्ध्या मिनिटातच येऊ दे.

पायपेटी:

अर्ध्या मिनिटातच. माइक नको. एकाला दिला की सगळे मागतात, आणि मग साउंडवाला संगीतकार होतो.

विश्रामबागची_सुमा:

माझी भाची व्हायोलिन वाजवते, तासगावला असते. शास्त्रीय शिकली आहे, नोटेशन वाचते, आणि वेळेवर येते. घेता का?

कृष्णाकाठ:

वेळेवर येते? लगेच घेतली. पितृपक्षातल्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला, मास्तरांच्या बँडच्या खोलीवर. पायपेटीकाका, ऑर्गन मिरजेहून आणायला टेम्पो सांगितलाय, पण जिन्यावरून चढवायला चार जण लागतील. आकडेमोड, तुम्ही आणि अजून कोण?

रिकामटेकडा:

मी येतो. चहा मिळणार ना?